बूट मेनूवर हक्क कुणाचा?

१३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजचे नेहमीचे मासिक सुरक्षा अपडेट सोडले. ज्या संगणकांवर विंडोजच्या जोडीला लिनक्सही होते, त्यांतल्या अनेकांवर त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. विंडोज पूर्वीसारखेच चालत होते. लिनक्स निवडले की मात्र काळ्या पडद्यावर ‘सुरक्षा धोरणाचा भंग’ झाल्याची तक्रार उमटे, तिच्याखाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असे वाक्य येई आणि यंत्र बंद पडे. उबुंटू, डेबियन, मिंट, झोरिन अशा वेगवेगळ्या लिनक्सवाल्यांच्या तक्रारी एकाच वेळी येऊ लागल्या. गंमत म्हणजे, या अपडेटमधली जुने, सदोष बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) अडवणारी तरतूद दोन सिस्टिम असलेल्या संगणकांना लागूच होणार नाही, असे कंपनीने आधीच लिहून ठेवले होते. नंतर तिने मान्य केले की, दोन सिस्टिम बसवण्याच्या काही पद्धती अपडेटला ओळखताच आल्या नाहीत. सप्टेंबरच्या अपडेटमधून ती तरतूद काढली गेली, पण प्रश्न पक्का सुटल्याचे जाहीर व्हायला मे २०२५ उजाडला. मधले नऊ महिने लोकांनी सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारी सोय) बंद करून, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन, नवे धोरण पुसून आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करून आपले काम भागवले. ज्यांना हे जमले नाही, त्यांनी काय केले असेल याचा अंदाज बांधायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

या घटनेकडे एका कंपनीची चूक म्हणून पाहिले की विषय तिथेच संपतो. मला ती एका जुन्या आणि अजून न सुटलेल्या भांडणातली ताजी चकमक वाटते. पॉवरचे बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यात संगणक नेमका कुणाच्या ताब्यात असतो? कायद्याने आणि पावतीने तो ग्राहकाचा. प्रत्यक्षात त्या सेकंदांवर मदरबोर्ड बनवणारा, विंडोज लिहिणारा, लिनक्सची वितरणे काढणारे असे सगळे हक्क सांगतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न विचारता तिथल्या नोंदी बदलतो. बूट लोडरचे बहुतेक बिघाड हार्ड डिस्क खराब झाल्याने होत नाहीत, व्हायरसनेही होत नाहीत. ते या न विचारता केलेल्या बदलांतून होतात. म्हणून माझे म्हणणे साधे आहे: बूटच्या वाटेला हात लावणाऱ्याने, मग तो कुणीही असो, आधी मालकाला विचारावे, काय बदलणार ते समजेल अशा भाषेत सांगावे आणि बदल उलटवण्याची सोय ठेवावी. हे बंधन चांगुलपणावर सोडून चालणार नाही. मोठ्या खरेदीदारांनी, त्यातही सरकारने, ते अट म्हणून घालायला हवे.

भांडणाचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरला महत्त्व आले. हा सेक्टर जेमतेम ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि उरलेले दोन बाइट ‘इथे बूट कोड आहे’ हे सांगणाऱ्या खुणेसाठी. या चारशे सेहेचाळीस बाइटांत दोघांना जागा नव्हती. जो शेवटी बसवला जाईल, तो आधीच्याला पुसून टाकणार, हे ठरलेलेच. म्हणूनच ‘आधी विंडोज टाका, मग लिनक्स’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आला, कारण लिनक्सचा ग्रब हा बूट लोडर विंडोजला आपल्या यादीत घेई आणि विंडोजचा इन्स्टॉलर शेजारी कुणी आहे का, हे न बघता पहिला सेक्टर स्वतःच्या कोडने भरून टाकी. पुढे ग्रबने पहिल्या सेक्टरमागच्या रिकाम्या सेक्टरांत आपला मोठा भाग ठेवायला सुरुवात केली, तर विंडोजवरच्या काही महागड्या सॉफ्टवेअरांच्या परवाना तपासणाऱ्या प्रोग्रॅमांनी नेमक्या त्याच सेक्टरांत आपल्या गुप्त खुणा लिहायला घेतल्या. डिझाइनचे एखादे सॉफ्टवेअर उघडायचे आणि दुसऱ्या दिवशी लिनक्स सुरूच व्हायचे नाही. शेवटी ग्रबच्या लेखकांनी सीडीवर ओरखडे पडले तरी गाणे ऐकू यावे म्हणून जे गणित वापरतात, ते रीड-सॉलोमन तंत्र आपल्या कोडच्या रक्षणासाठी घातले. शेजाऱ्याच्या घुसखोरीवर उपाय म्हणून दुरुस्तीचे गणित लिहावे लागणे, यात सगळे आले.

नव्या पद्धतीने हे भांडण मिटायला हवे होते. २००५ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन यूईएफआयचा मंच स्थापला आणि जुन्या बायोसच्या जागी नवी व्यवस्था आली. आता डिस्कवर एक छोटे, फॅट पद्धतीचे वेगळे पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचे स्वतंत्र फोल्डर असते. विंडोजचे मायक्रोसॉफ्ट नावाचे, उबुंटूचे उबुंटू नावाचे. कोणत्या फोल्डरातली कोणती फाइल चालवायची आणि कोणत्या क्रमाने, याची यादी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण चाळीतल्या सामायिक जिन्यासारखे या पार्टिशनचे झाले आहे. सगळे वापरतात, निगा कुणाची हे ठरलेले नाही आणि शेजाऱ्याचे सामान बाजूला सारायला कुणाला संकोच वाटत नाही. विंडोजचे मोठे अपडेट झाले की कधी यादीतला क्रम बदलतो आणि विंडोज पुन्हा वर येते. बायोस अपडेट केला की काही मदरबोर्ड ती यादीच पुसतात. काही लॅपटॉपचे फर्मवेअर तर यादीकडे दुर्लक्ष करून थेट विंडोजच्या बूट मॅनेजरचेच नाव शोधते. या तिन्ही प्रकारांत लिनक्सच्या फाइली जागच्या जागी, पूर्ण शाबूत असतात. फक्त त्यांच्याकडे जाणारी नोंद हरवलेली किंवा मागे गेलेली असते.

हीच गोष्ट लोकांपर्यंत पोचलेली नाही, आणि त्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. संगणक सुरू झाला नाही की दुरुस्तीवाल्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: फॉरमॅट मारावा लागेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातली बाजारपेठ, या वाक्यात फरक पडत नाही. त्यामागे दुष्टपणा नसतो, वेळेचा हिशेब असतो. तासभर कारण शोधण्यापेक्षा अर्ध्या तासात नवे विंडोज टाकणे परवडते आणि गिऱ्हाइकाकडून पैसे तेवढेच मिळतात. पण त्या अर्ध्या तासात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, घरातल्या लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, असे काहीही जाऊ शकते, आणि तेही ज्या बिघाडात एक बाइटही हरवलेला नव्हता अशा बिघाडासाठी. खरे तर कारण शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. सुरू होताना एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून तात्पुरता बूट मेनू उघडावा. त्यात लिनक्सचे नाव दिसले आणि निवडल्यावर ते सुरूही झाले, तर फक्त क्रम बदललेला आहे. बायोसमध्ये जाऊन तो वर आणला की काम झाले. नावच दिसत नसेल, तर नोंद पुसली गेली आहे. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून, आत शिरून, ग्रब पुन्हा बसवावा. पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द आणि चमकणारा कर्सर असेल, तर ग्रबचा पहिला तुकडा जिवंत आहे, पण त्याला आपले उरलेले फोल्डर सापडत नाही. बहुधा कुणीतरी विंडोजमध्ये जाऊन ‘अनोळखी’ पार्टिशन उडवलेले असते, किंवा पार्टिशनांचे क्रमांक इकडचे तिकडे झालेले असतात. पहिल्या शक्यतेत तेवढे पार्टिशन खरोखर गेले, पण दुसऱ्या पार्टिशनवरचे फोटो अजून आहेतच. आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जात असेल, तर तो बिघाडच नव्हे. बूटच्या वाटेत काहीतरी बदलल्याचे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरला कळले आहे आणि तो दार लावून बसला आहे. किल्ली बहुतेकदा त्या लॅपटॉपशी जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. या क्षणी फॉरमॅट करणे म्हणजे कुलूपबंद माहिती आपल्या हाताने कायमची घालवणे.

इतके सोपे असेल तर लोक का चुकतात? कारण यंत्र त्यांना यातले काहीच सांगत नाही. ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ या वाक्यात भीती आहे, माहिती नाही. काय बिघडले, कुणामुळे, काय शाबूत आहे, पुढे काय करावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या काळ्या पडद्यावर जागेच्या टंचाईचे कारण तरी होते. ४४६ बाइटांत कोण कुठे समजावून सांगणार? आज यूईएफआयच्या पडद्यावर माउस चालतो, कंपनीचा लोगो झळकतो, पंख्याचा वेग आलेखात दिसतो. तिथे ‘तुमची माहिती सुरक्षित आहे, लिनक्सची फक्त नोंद हरवली आहे, परत आणू का?’ असे विचारायला जागा नाही, हे पटणारे नाही. विचारायची इच्छा नाही, एवढेच.

ही इच्छा का नसते, याचा एक जुना आणि नोंदलेला दाखला आहे. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांच्या बी या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बीओएस नावाची एक देखणी, चपळ ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली होती. विंडोजच्या शेजारी ती बसवून विकणाऱ्या संगणक कंपन्यांना ती फुकट द्यायची तयारी गासे यांनी दाखवली. फुकट माल घ्यायला पुढे आली ती मुख्यतः जपानची हिताची. तिच्या फ्लोरा प्रियस संगणकाच्या डिस्कवर बीओएस खरोखर होती, पण सुरू करताना ती निवडण्याचा पर्याय कुठे दिसत नव्हता. ग्राहकाने कागदावरच्या सूचना वाचून, खटपट करून ती स्वतः उघडी करायची. कारण होते मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमध्ये. सुरू होण्याच्या क्रमात बदल करायला संगणक कंपन्यांना मुभा नव्हती आणि या अटी व्यापारी गुपित म्हणून झाकलेल्या होत्या. बी कंपनीने २००२ मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन, कोणतीही चूक मान्य न करता, तो मिटवला. तोवर बीओएस बाजारातून गेली होती. फुकट, चांगली आणि आधीच डिस्कवर असलेली सिस्टिम मेनूत नाव नसल्याने ग्राहकांना दिसलीच नाही. बूट मेनू ही तांत्रिक बारकाव्याची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले. विश्वासू सहीची फाइलच फर्मवेअरने चालवायची, बाकीच्यांना दार बंद, ही त्यामागची कल्पना. तिची गरज खरी आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी शिरणारा घातक प्रोग्रॅम अँटिव्हायरसला दिसतच नाही, कारण अँटिव्हायरस उठण्याआधी त्याने घर ताब्यात घेतलेले असते. २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाची भेग सापडली. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस या घातक प्रोग्रॅमने पूर्ण अद्ययावत विंडोज ११ वरही सिक्युअर बूट चुकवून दाखवले. अशा वेळी जुन्या, सदोष बूट लोडरांवर बंदी घालावीच लागते, आणि प्रत्येक ग्राहकाला विचारत बसलो तर अर्धे लोक ‘नंतर’ वर बोट दाबतील, हे म्हणणे चूक नाही. ऑगस्ट २०२४ ची तरतूदही ग्रबमधल्या एका जुन्या दोषासाठीच होती. तिला आधार असलेली, बूट लोडरच्या जुन्या आवृत्त्या ओळखून अडवणारी एसबॅट ही पद्धत तर लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टबरोबर मिळून घडवलेली, आणि ती चांगली पद्धत आहे.

मात्र या आक्षेपातून जे सिद्ध होते, ते एवढेच की बंदी कधीकधी घालावी लागते. ती गुपचूप घालावी लागते, असे सिद्ध होत नाही. अपडेटला दुसरी सिस्टिम आहे की नाही याची खात्री नव्हती. खात्री नसताना त्याने ‘नाही’ असे गृहीत धरले. अशा वेळी एक चौकट दाखवून, ‘या संगणकावर दुसरी सिस्टिम असेल तर ती आधी अद्ययावत करा’ एवढे सांगितले असते, तर सुरक्षेचे काही बिघडले नसते. उलट जे झाले, त्याने सुरक्षाच कमी झाली. अडकलेल्या लोकांना सिक्युअर बूट बंद करा असे सांगावे लागले आणि त्यांतल्या किती जणांनी ते नंतर चालू केले असेल, हा प्रश्नच आहे. सुरक्षा आणि मालकी यांत निवड करावीच लागते, हेही खरे नाही. अ‍ॅपलने २०२० पासूनच्या आपल्या चिपच्या मॅकवर सुरक्षेची पातळी प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी ठेवायची सोय दिली. एका पार्टिशनवरची मॅकओएस पूर्ण कडेकोट ठेवून शेजारी मालकाच्या जबाबदारीवर आसाही नावाचे लिनक्स चालवता येते. अ‍ॅपलसारख्या, एरवी प्रत्येक खिळा आपल्या मुठीत ठेवणाऱ्या कंपनीला हे जमते, तर इतरांना अवघड काय आहे?

दुसरा आक्षेप लिनक्सच्या बाजूने नाही, लिनक्सच्या विरुद्ध येतो, आणि तोही रास्त आहे. लिनक्सवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. बूटहोलची भेग बुजवण्यासाठी जुलै २०२० मध्ये रेड हॅटने जे अपडेट पाठवले, त्याने रेड हॅटचेच अनेक संगणक सुरू होईनात. तिथे विंडोजचा काही संबंध नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटूची १७.१० ही आवृत्ती डाउनलोडसाठी काढून घ्यावी लागली, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोव्होच्या काही लॅपटॉपांचा बायोस बिघडत होता. आणि २०२१ मध्ये ग्रबच्या लेखकांनी इतर सिस्टिम शोधून मेनूत घालणारी सोय आपणहून बंद ठेवायचे ठरवले. कारण सुरक्षेचेच आणि समजण्यासारखे. पण एका साध्या अपडेटनंतर मेनूतून विंडोज गायब झाल्यावर ज्यांचा जीव वरखाली झाला, त्यांना ते कुणी सांगितले होते? एका सेटिंग फाइलमधली ओळ बदलून मेनू पुन्हा बनवला की विंडोज परत दिसते, हे ठाऊक असणारा माणूस आणि घाबरून विंडोजच नव्याने टाकणारा माणूस यांत फरक फक्त त्या एका ओळीचा आहे. म्हणूनच माझा मुद्दा मायक्रोसॉफ्टविरुद्धचा खटला नाही. बंधन सगळ्यांना हवे. फरक इतकाच मानतो की ज्याच्या हाती सहीची किल्ली, त्याची जबाबदारी जास्त. बहुतेक लिनक्स ज्या शिम नावाच्या छोट्या प्रोग्रॅममुळे सिक्युअर बूटचे दार ओलांडते, त्यावर सही मायक्रोसॉफ्टचीच असते. बाजारातल्या एका विक्रेत्याच्या सहीशिवाय दुसऱ्याचा माल ग्राहकाच्या घरात शिरत नाही, अशी ही रचना आहे. २०१२ मध्ये निदान सिक्युअर बूट बंद करता आलेच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने इंटेल पद्धतीच्या संगणकांसाठी घातली होती. विंडोज १० पासून ती सोय द्यावी की नाही, हे संगणक कंपनीच्या मर्जीवर सोडले गेले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. दोन-दोन सिस्टिम ठेवणारे हौशी लोक मूठभर. त्यांनी आपली जोखीम आपण घ्यावी, नाहीतर विंडोजच्याच पोटात लिनक्स चालवण्याची सोय आता आहेच. पोटात चालवण्याची सोय उपयोगी आहे, पण तिची पूर्वअट पाहावी: यजमान विंडोजच असले पाहिजे. शिवाय चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एका सिस्टिममध्ये दुसरी चालवणे म्हणजे दोन्ही रखडवणे, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हाती अजूनही असे लॅपटॉप भरपूर आहेत. संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स लागते, घरच्यांच्या कामांना विंडोज, आणि दुसरे यंत्र घेण्याची ऐपत नसते. अशा घरात दोन सिस्टिम ही हौस नसते, काटकसर असते. मूठभर हा शब्दही आता जपून वापरावा लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार सर्वसाधारणपणे संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना म्हणून असंख्य धडधाकट संगणक विंडोज ११ साठी अधिकृतपणे अपात्र ठरले. त्यांच्या मालकांना जुने विंडोज काही दिवस ठेवून शेजारी लिनक्स बसवून पाहणे, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे बॉस हे लिनक्स २००७ पासून आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण कागदावर आणले. केरळच्या शाळांनी तर ते कधीच अमलात आणून दाखवले. एवढे सगळे करून लोकांना पहिल्याच वळणावर काळा पडदा दाखवायचा असेल, तर धोरणाला अर्थ नाही.

न विचारण्याची सवय किती खोल मुरली आहे, हे लहानसहान गोष्टींत जास्त दिसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केले तरी बहुतेक संगणक पूर्ण बंद होत नाहीत. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून अर्धवट झोपते. मग लिनक्समध्ये जाऊन विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहायला गेलो की लिनक्स नकार देते, कारण आत कुणीतरी अजून ‘जागे’ असल्याची खूण तिथे असते. जबरदस्तीने लिहिलेच तर फाइली बिघडू शकतात. बंद म्हणजे बंद नाही, हे सांगणारा एक शब्दही त्या बटणावर नाही. घड्याळाचेही तेच. मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळ मानते, लिनक्स जागतिक. त्यामुळे भारतात सिस्टिम बदलली की घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे होते. नवख्याला वाटते मदरबोर्डवरची बॅटरी गेली. तो ती बदलून आणतो, फरक पडत नाही. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला लावता येते, पण दोन्ही बाजूंच्या इन्स्टॉलरांना शेजारी दिसत असताना हा प्रश्न बसवतानाच विचारायला काय हरकत होती?

बंधन घालता येते का, असा शेवटचा प्रश्न उरतो. येते. २००९ च्या डिसेंबरमध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टकडून विंडोजमध्ये ब्राउझर निवडीचा पडदा दाखवण्याची कायदेशीर हमी घेतली. २०११-१२ मध्ये तो पडदा चौदा महिने दिसलाच नाही, तेव्हा २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला. निवडीचा पडदा सक्तीचा करता येतो आणि तो न दाखवल्याची किंमतही वसूल करता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. भारताला युरोपइतका मोठा बडगा उचलायची गरज नाही. केंद्र आणि राज्य सरकारे, विद्यापीठे, बँका मिळून या देशात प्रचंड संख्येने संगणक विकत घेतात. निविदेत तीन ओळी घालाव्यात: बूटची यादी मालकाला साध्या पडद्यावर पाहता आणि बदलता आली पाहिजे, फर्मवेअर किंवा सिस्टिमच्या अपडेटने त्या यादीत किंवा मान्य सह्यांच्या यादीत बदल करण्यापूर्वी तो दाखवला पाहिजे, आणि आधीची अवस्था एका कळीने परत आणता आली पाहिजे. कार्यालयात ज्या व्यवस्थापकाला ही मुभा कर्मचाऱ्यांना द्यायची नसेल, त्याने पासवर्ड घालावा. तोही मालकाचाच निर्णय होईल. यासाठी नवे संशोधन लागत नाही, कारण यूईएफआयच्या मानकात यादी, क्रम आणि किल्ल्यांच्या व्यवस्थापनाची तरतूद आहेच. खर्च आहे तो चांगले पडदे लिहिण्याचा आणि ते मराठी-हिंदीत देण्याचा.

घाई करायला एक कारणही आहे. सिक्युअर बूट ज्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांवर उभे आहे, त्यांची मुदत जून २०२६ पासून एकामागून एक संपते आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे येत आहेत. मुदत संपली म्हणून चालू असलेले संगणक त्या दिवशी बंद पडणार नाहीत. आधी सही झालेले बूट लोडर चालत राहतील. पण पुढची लिनक्स फक्त नव्या सहीची येतील तेव्हा ज्या मदरबोर्डात नवे प्रमाणपत्र पोचलेले नाही, तो त्यांना ओळखणार नाही. विंडोज नियमित वापरणाऱ्याला ते अपडेटमधून मिळेल. जुन्या लॅपटॉपवर फक्त लिनक्स ठेवलेल्याला, किंवा ज्याच्या कंपनीने बायोसची अपडेट देणे कधीच थांबवले आहे अशा यंत्राच्या मालकाला, ते स्वतः मिळवावे लागेल. कुठल्या संगणकात ते आले आहे आणि कुठल्यात नाही, हे आज मालकाला सहज दिसेल असे बहुतेक बायोसच्या पडद्यांवर कुठेही लिहिलेले नसते.